मृगाआधीची तयारी

वैशाख सरत आला. रोज पिठले, नाहीतर डाळ. अशा वेळी मांडवावरच्या कोवळ्या दोडक्याची आठवण होते. मुले विचारतात, "आपली भाजी कधी येणार?" विचारणारच! विकतची भाजी रोज परवडत नाही, आणि भाजीवाचून मुले अंग धरीत नाहीत. न्हाणीच्या पाण्यावर अळू आहे, पण ते तरी किती दिवस खायचे?

पाऊस आपल्या हाती नाही. तयारी मात्र आहे. मृग नक्षत्र ७ जूनच्या सुमारास लागते. त्याआधी परसात हातभर रुंद, हातभर खोल खड्डे खणा. त्यांना ऊन खाऊ द्या. मग माती आणि चांगले कुजलेले शेणखत भरा. ओले शेण नको. त्याने वाळवी लागते.

चांगला पाऊस झाला की बी लावा. माठ तीन-चार आठवड्यांत खुडायला येतो, भेंडी दीड महिन्यात, दोडका दोन महिन्यांत. म्हणजे श्रावणात ताटात घरची भाजी!

आता बियाण्याचे. दोडक्याचे बी काळे, घोसाळ्याचेही काळेच. पुष्कळदा घोटाळा होतो. तुम्ही आता लिहायला शिकलात ना? मग प्रत्येक पुडीवर नाव लिहा. आणि यंदा वेलावरचे एक चांगले फळ तोडू नका. मोह आवरा, ते वेलावरच वाळू द्या. त्याचेच बी पुढल्या साली कामी येईल.

उद्या येताना प्रत्येकाने एक पुडी नाव घालून आणावी. शेजाऱ्याने ती वाचून दाखवावी.