गाडीवर उडालेला रंग

 

आज बोलायचंय ते गाडीविषयी. तुम्ही म्हणाल, गाडीचं काम पुरुषांचं. पण आता दारात उभी असलेली स्कूटी गटाच्या कर्जातून आलेली असते. पापड, शेवया, चटण्या पोचवायला घेतलेल्या टेम्पोचा हप्ता आपणच भरतो. मग ती वस्तू जपणंही आपल्याकडंच आलं.

दिवाळीच्या आधी किंवा लग्नसराईत घरोघरी रंगकाम निघतं. शेजारी लोखंडी गेटला कॉम्प्रेसरनं रंग मारला जातो. बंदुकीतून निघालेला सगळा रंग गेटवर बसत नाही. त्याचे बारीक तुषार वाऱ्यानं लांब जातात आणि आपल्या गाडीवर बसतात. लांबून काहीच दिसत नाही, फार तर गाडी मळकट वाटते. हात फिरवला की मात्र बारीक रव्यासारखी खरखर लागते. ओळखायची सोपी युक्ती सांगते. गाडी धुऊन झाल्यावर हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घाला आणि बोनेटवरून अलगद बोटं फिरवा. पिशवीतून खरखर जास्त कळते.

अशा वेळी कुणीतरी लगेच सांगतं, "आता पूर्ण गाडी रंगवावी लागणार." घाई करू नका. बहुतेक वेळा तशी गरज नसते. कंपनीतून आलेला रंग भट्टीत तापवून पक्का केलेला असतो. तो एकदा घालवला की तसाच परत मिळणं अवघड. गाडी विकायला काढली की गिऱ्हाईक आधी तेच विचारतं, "रंग मूळचाच आहे का?"

आता गाडीच्या रंगाची रचना समजून घेऊ. पत्र्यावर आधी अस्तराचे थर, त्यावर रंग, आणि सगळ्यात वर पारदर्शक चकचकीत थर असतो. त्याला क्लिअर कोट म्हणतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. हे सगळे थर मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरतात, म्हणजे वहीच्या एक-दोन कागदांएवढे. त्यातला वरचा पारदर्शक थर 40-50 मायक्रॉनचा, कागदाच्या निम्मा. उडालेला रंग या थराच्या वर बसलेला असतो. आपल्याला तेवढाच उचलायचाय, खालचा थर खरवडायचा नाही. म्हणून भांडी घासायची तारेची घासणी, राख, काचकागद यातलं काहीही गाडीला लावायचं नाही.

आता काम कसं करायचं ते. गाडी सावलीत घ्या, पत्रा थंड होऊ द्या. भरपूर पाण्यानं आधी माती काढा, मग गाडीच्या शाम्पूनं धुवा. माती राहिली तर पुढं तीच ओरखडे पाडते.

मग कोणता रंग उडालाय ते विचारून घ्या. भिंतीचा पाण्यात कालवायचा रंग असेल तर कोमट पाण्यात भिजवलेलं जाड फडकं त्यावर दहा-पंधरा मिनिटं ठेवा. रंग मऊ पडतो आणि पुसला जातो. गेटचा ऑइल पेंट असेल आणि ताजा असेल, तर मऊ फडक्याला थोडं टर्पेंटाईन लावून हलक्या हातानं टिपा. त्याआधी दाराच्या आतल्या कडेला, दिसणार नाही अशा जागी लावून बघा. फडक्यावर गाडीचा रंग उतरला तर तिथंच थांबा. काम झालं की ती जागा साबणाच्या पाण्यानं धुवा.

थिनर मात्र लावू नका. रंग पातळ करायचा थिनर गाडीचा वरचा थरही मऊ करतो. पूर्वी गॅरेजमध्ये रंगवलेली गाडी असेल तर तो रंगच उतरतो. स्कूटीचे प्लॅस्टिकचे भाग आणि हेडलाइट थिनरनं कायमचे पांढुरके पडतात.

रंग वाळून घट्ट बसला असेल तर त्यासाठी एक खास माती मिळते. तिला क्ले बार म्हणतात. दिसायला मुलांच्या खेळातल्या चिकणमातीसारखी असते. गाडीचं सामान विकणाऱ्या दुकानात मागा. तिचा लहान गोळा कणकेसारखा मळून तळहातात चपटा करा. पत्र्यावर शाम्पूचं पाणी भरपूर शिंपडा. मग वीतभर जागेवर ती माती सरळ रेषेत पुढं-मागं फिरवा, गोल गोल नाही. जोर लावू नका. आधी हाताला अडकल्यासारखं वाटतं, मग माती गुळगुळीत सरकायला लागते. सरकली म्हणजे तिथले कण निघाले. माती मळली की घडी घालून स्वच्छ बाजू वर घ्या. खाली जमिनीवर पडली तर तो तुकडा टाकून द्या, कारण त्यात खडे अडकतात आणि गाडीभर ओरखडे उठतात. शेवटी गाडी धुऊन, पुसून वॅक्स लावा.

काचेवरचे ठिपके साबणाच्या पाण्यानं ओले करून नवं पातं आडवं धरून निघतात. पण हे फक्त खऱ्या काचेवर. हेडलाइट बहुधा प्लॅस्टिकचा असतो, त्याला पातं लावू नका. एवढं करूनही कण निघाले नाहीत तर पॉलिशचं मशीन चालवणाऱ्या जाणत्या कारागिराकडं जा.

इथं एक गोष्ट आठवते. 1888 च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत बर्था बेंझ नावाची बाई नवऱ्यानं बनवलेली मोटार घेऊन, दोन मुलांना बरोबर घेऊन माहेरी निघाली. अंतर सुमारे शंभर किलोमीटर. वाटेत इंधन संपत आलं तेव्हा तिनं एका गावातल्या औषधाच्या दुकानातून लिग्रोइन घेतलं. ते त्या काळी डाग काढायला वापरत. म्हणजे डाग काढायच्या द्रवावर मोटार चालली! यातून आपण काय घ्यायचं? टर्पेंटाईन काय, रॉकेल काय, डाग काढणारे हे द्रव पेट घेतात. चुलीजवळ, गॅसजवळ हे काम करू नका. भिजलेली फडकी घरात गोळा करून ठेवू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. जो रंग उडून गाडीवर बसतो, तोच आपल्या आणि लेकरांच्या छातीतही जातो. गाडीची माती काढता येते, छातीतलं काढता येत नाही. गाड्यांना मारायच्या काही रंगांत वेगळ्या डब्यातलं हार्डनर मिसळतात. त्यातल्या आयसोसायनेट नावाच्या रसायनानं रंगाऱ्यांना दमा जडतो. तिथं तोंडाला बांधलेला पदर किंवा रुमाल पुरत नाही. फवारणी चालू असताना मुलांना, बाळंतिणीला, दम्याच्या माणसाला लांब ठेवा. पाण्याचे हंडे, वाळवण झाका. घराचा रंग घेताना डब्यावर शिशाविषयी काय लिहिलंय ते वाचा. 1 नोव्हेंबर 2017 पासून घरगुती रंगात शिसं दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त चालत नाही, असा नियम आहे.

शेजारी कॉम्प्रेसर लागणार असं कळलं की आदल्या दिवशीच बोला. "दादा, किती वाजता मारणार? वारा पडल्यावर मारा, आडवा पडदा लावा, आम्ही गाडी हलवतो." तरी रंग उडालाच तर धुण्याआधी मोबाईलवर फोटो काढा आणि त्याच दिवशी त्याला दाखवा. भांडण नको, पण खर्च मागायला लाजायचंही नाही. एकटीला अवघड वाटलं तर गटातल्या दोघी-तिघी मिळून जा.

क्ले बार प्रत्येकीनं वेगळा घ्यायची गरज नाही. गटात एक आणा, वाटून घ्या, आणि पुढच्या बैठकीला एका स्कूटीवर करून बघा.

बरंय मैत्रिणींनो, येते. नमस्कार.