घराची सावड करू, समुद्र बघून येऊ
(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण)



कर्ज, परतफेड आणि ऑडिट यावर सकाळपासून बोलणं झालंय. आता मी सहलीबद्दल बोलणार आहे. हसू नका, हाही कामाचाच विषय आहे.

मागच्या हिवाळ्यात आपण कोल्हापूरला गेलो होतो. त्या सहलीच्या गोष्टी अजून प्रत्येक बैठकीत निघतात. अंबाबाईचं दर्शन झालं, रंकाळ्यावर भेळ खाल्ली. पन्हाळ्यावर अंबरखाना बघितला. गंगा, यमुना, सरस्वती नावाची ती धान्याची मोठमोठी कोठारं बघून आपल्या एका मावशींनी विचारलं, "एवढ्या धान्याला कीड कशी लागली नसंल गं?" तिथून जी चर्चा सुरू झाली, ती कडुलिंबाचा पाला, राख, कणगी करत गाडीत बसेपर्यंत थांबली नाही. मग कणेरी मठावर गेलो. तिथे जुनं गाव पुतळ्यांत उभं केलंय. कुंभार, लोहार, मोट हाकणारा शेतकरी बघून आज्यांना भरून आलं. "हे आमचं बघितलेलं हाय," असं सांगत त्या सुनांना एकेक वस्तू दाखवत होत्या. त्या दिवशी आम्हाला वेगळ्या गाइडची गरज पडली नाही.

पण तायांनो, आज मला बोलायचंय ते न आलेल्यांबद्दल. यादीत नाव होतं, पैसे भरले होते, नवीन लुगडं काढून ठेवलं होतं, तरी ऐनवेळी राहिल्या त्या. सहलीनंतर मी त्यांच्या घरी जाऊन आले. कुणाची म्हैस व्यायला झाली होती, कुणाच्या सासूबाईंना वेळेवर गोळ्या द्यायला माणूस नव्हतं. कुणाकडे रात्रीची लाइट होती आणि कांद्याला पाणी द्यायचं होतं. एकीच्या घरी आदल्या रात्री विचारलं गेलं, "मग आमच्या जेवणाचं काय?" आणि रोजगाराला जाणाऱ्या दोघी म्हणाल्या, "ताई, तिकिटाचं जमवलं असतं, पण बुडालेला रोज कोण देणार?"

एक आजी म्हणाल्या ते माझ्या मनातून जात नाही. "पोरी, आयुष्यात चार कारणांनी घराबाहेर पडले. माहेर, लग्न, मयत आन दवाखाना. पाचवं म्हंजे शिंगणापूरची यात्रा. समुद्र काय मी बघितला नाय. आता गुडघं गेलं."

गुडघे जायच्या आधी बघायचं असेल तर ठरवावं लागतं. आपोआप कुणाला सवड मिळत नाही. म्हणून चार गोष्टी सुचवते.

पहिली गोष्ट, वेळ. आपल्या माणदेशात बाजरी निघून ज्वारीची पेर झाली की जरा श्वास मिळतो. फेब्रुवारीत ज्वारीची काढणी येते, दहावी-बारावीच्या परीक्षा येतात, चैत्रात यात्रा. तेव्हा मधला डिसेंबरचा शेवट ते संक्रांतीच्या आधीचा काळ आपला. तारीख आजच धरू, म्हणजे घरात सहा महिने आधी माहीत असेल. आदल्या रात्री सांगितलं की ती परवानगी मागणं होतं. सहा महिने आधी सांगितलं की ते घरातलं एक काम होतं, लग्नाच्या तारखेसारखं.

दुसरी गोष्ट, घर. शेतात आपण सावड करतो. कुणी पैरा म्हणतं. आज मी तुझ्या खुरपणीला, उद्या तू माझ्या. मग घराची सावड का नको? बारा जणींच्या गटातल्या सहा जणी या खेपेला जातील, सहा जणी मागे राहतील. प्रत्येकीला एक जोडीदारीण ठरवून द्यायची. जाणारीच्या गोठ्यातली धार, डेअरीला दूध घालणं, सासूबाईंच्या गोळ्या हे जोडीदारीण बघेल. पुढच्या खेपेला अदलाबदल. मात्र सहलीच्या आठ दिवस आधी दोन दिवस तिने त्या गोठ्यात धार काढायचीच. नवीन हाताला म्हैस पान्हा सोडत नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको. गोळ्या कुठल्या, कधी द्यायच्या, ते कागदावर लिहून भिंतीला लावा. आणि घरच्या पुरुषांना कुकर लावायला शिकवायला सहा महिने भरपूर झाले!

तिसरी गोष्ट, पैसा. सहलीसाठी गटातून अंतर्गत कर्ज काढायचं नाही आणि बचतीला हात लावायचा नाही. ते पैसे आजारपणाचे, बियाण्याचे, पोरांच्या फीचे. सहलीची वही वेगळी ठेवा. जूनपासून डिसेंबरपर्यंत महिन्याला 100 रुपये काढले तर एकीचे 700 होतात, बारा जणींचे 8,400. मागे राहणाऱ्या सहा जणींचे पैसे त्यांच्या नावावर पुढच्या खेपेला शिल्लक. कुणाला जमलंच नाही, तर तिचे पैसे परत, तेही सही घेऊन.

एसटीचं लक्षात ठेवा. 17 मार्च 2023 पासून राज्यात एसटीच्या सगळ्या गाड्यांत महिलांना अर्धं तिकीट आहे. 75 वर्षांच्या पुढच्या आज्यांना 2022 पासून प्रवास मोफत आहे. वयाच्या पुराव्यासाठी आधार कार्ड जवळ ठेवा. पूर्ण गाडी करारावर घ्यायची असेल तर तिचा हिशेब वेगळा असतो, तो आगारातून लेखी घ्या आणि मग दोन्हीची तुलना करा. नेहमीच्या गाड्या बदलत जाणं स्वस्त पडेल, पण गुडघे दुखणाऱ्यांचा विचार करून ठरवा.

चौथी गोष्ट, कुठे जायचं. माझी सूचना अशी, की दोन सहली ठेवू. एक, एका दिवसाची, नायगावला. खंडाळा तालुक्यातलं हे गाव, आपल्याच जिल्ह्यातलं. 3 जानेवारी 1831 ला सावित्रीबाई इथे जन्मल्या. त्यांचं जन्मघर जपून ठेवलंय. 1848 साली पुण्यात मुलींची शाळा सुरू झाली, तिथे शिकवायला त्या उभ्या राहिल्या, म्हणून आज आपण प्रोसिडिंगवर अंगठ्याऐवजी सही करतो. जयंतीला तिथे फार गर्दी असते, म्हणून चार दिवस मागेपुढे जाऊ. ज्या गावात बाजारच्या दिवशी रोजगार बंद असतो, तिथल्या मजुरी करणाऱ्या बायकांसाठी तोच वार धरू. रोज बुडणार नाही आणि संध्याकाळी चुलीपाशी परत.

दुसरी दोन दिवसांची, गणपतीपुळ्याला. देऊळ अगदी समुद्राला लागून आहे. ज्यांना डोंगराची प्रदक्षिणा झेपणार नाही, त्या देवळापाशी बसूनही समुद्र बघू शकतात. पण एक नियम आधीच सांगते. तिथलं पाणी फसवं आहे, माणसं बुडालेली आहेत. घोट्याच्या वर पाण्यात जायचं नाही. भरती-ओहोटीची वेळ तिथल्या माणसांना विचारायची, आणि एकटीने जायचं नाही. या सहलीला 700 वर भर घालावी लागेल. मुक्कामाचा आणि गाडीचा दर हातात आला की आकडा ठरवू.

यादी करताना क्रम असा लावा: ज्या आजवर कुठेच गेल्या नाहीत त्यांची नावं वर, मागच्या खेपेला राहिल्या त्या त्यांच्या खाली, आणि कोल्हापूरला जाऊन आलेल्या सगळ्यात शेवटी. मीही जाऊन आलेय, तेव्हा गाडीत जागा उरली तरच मी.

कुणी म्हणेल, हे चोचले कशाला? तायांनो, त्या सहलीत दोन गटांच्या बायका शेजारी बसल्या आणि चटणीची एकत्र ऑर्डर घ्यायचं बोलणं झालं. बैठकीत एकमेकींशी न बोलणाऱ्या दोघींनी एका डब्यात जेवण केलं. पण हा फायदा झाला नसता, तरी मी हेच म्हटलं असतं. वर्षभर धार, चूल, खुरपं आणि हप्ता सांभाळणाऱ्या बाईला दोन दिवस स्वतःसाठी मिळावेत, एवढं कारण पुरे आहे.

आता काम सांगते. पुढच्या बैठकीत हा विषय प्रोसिडिंगला घ्या. तीन रकान्यांची यादी करा: जाणारीचं नाव, तिची जोडीदारीण, आणि घरातली कोणती कामं तिच्यावर सोपवली ती. ही यादी ग्रामसंघाकडे द्या, तिथून ती माझ्याकडे येईल. आणि समुद्र न बघितलेल्या त्या आजींच्या गटाला माझी विनंती, त्यांचं नाव पहिलं लिहा. गुडघ्यांचं आपण बघू, दोघी दोन बाजूंनी धरू.

जय सावित्री.