चाई आणि ऑक्सिडेटिव्ह ताण
(स्वागताध्यक्षीय भाषण)

चाईत केस गळतात, पण मूळ बिघाड असतो प्रतिकारशक्तीचा. टाळूवर किंवा दाढीत रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा पडतो. कडेचे तुटके केस भिंगातून पाहिले तर टोकाशी जाड आणि बुंध्याशी निमुळते दिसतात, उद्गारचिन्हासारखे. केस किडीने खाल्ले, ही समजूत महाराष्ट्रात आहे तशीच तमिळनाडूतही. त्यापायी लसूण चोळून कातडी भाजून घेतली जाते. जगात साधारण ५० माणसांत एकाला आयुष्यात कधीतरी चाई पडते.

वाढत्या केसाचे मूळ एरवी प्रतिकारशक्तीच्या नजरेआड असते. हा आडोसा गेला की सीडी८ टी-पेशी मुळाभोवती गोळा होतात, इंटरफेरॉन-गॅमा सोडतात आणि केस गळतो. मूळ मात्र मरत नाही. केस परत येऊ शकतात, पुष्कळदा आधी पांढरे.

आडोसा जातो कशाने, या प्रश्नापाशी ऑक्सिडेटिव्ह ताण येतो. मुळातील पेशी झपाट्याने वाढतात, त्यातच मेलॅनिन बनताना हायड्रोजन पेरॉक्साइड निघते. सुपरऑक्साइड डिस्म्युटेज, कॅटलेज यांसारखी एंझाइमे अशा ऑक्सिडीकारक रेणूंचा निपटारा करतात. ती अपुरी पडली की ताणलेली पेशी आपल्या पृष्ठभागावर यूएलबीपी गटातील प्रथिने आणते, आणि टी-पेशींवरचा एनकेजी२डी ग्राही नेमका त्यांनाच ओळखतो. कोलंबिया विद्यापीठाच्या अँजेला ख्रिस्तियानो यांच्या गटाने २०१० मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेल्या जनुकीय अभ्यासात चाईचा संबंध यूएलबीपी जनुकांशी आढळला, पीआरडीएक्स५ या ऑक्सिडीकरणरोधक एंझाइमाच्या जनुकाशीही आढळला. आजवरच्या पुराव्यांत हा सर्वांत वजनदार.

रक्ततपासण्यांचा पुरावा त्यामानाने कच्चा आहे. या ताणाची खूण असलेले मॅलॉनडायअल्डिहाइड बहुतेक अभ्यासांत वाढलेले दिसते. सुपरऑक्साइड डिस्म्युटेज कुठे कमी, कुठे जास्त. शिवाय दाहामुळेही असा ताण वाढतो. तेव्हा रोग ताणामुळे की ताण रोगामुळे, हे एकदाच काढलेल्या रक्तावरून ठरत नाही. अँटिऑक्सिडंट गोळ्या चाईचा इलाज म्हणून रुग्णाच्या माथी मारणे म्हणूनच गैर आहे. मोजक्या चट्ट्यांना स्टेरॉइडचे इंजेक्शन उपयोगी पडते. तीव्र चाईसाठी अमेरिकेत जून २०२२ मध्ये मान्यता मिळालेले बॅरिसिटिनिब जेएके एंझाइमे रोखून इंटरफेरॉनचा संदेश अडवते.

आपण जिथे जमलो आहोत ती चेन्नई या अभ्यासाला परकी नाही. मद्रास मेडिकल कॉलेजची परंपरा १८३५ पासूनची. हेअर रिसर्च सोसायटी ऑफ इंडियाचे संस्थापक अध्यक्ष पॅट्रिक येसुदियन याच शहरातले. सोसायटीचे ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ ट्रायकॉलॉजी’ २००९ पासून निघते. स्वागत समिती सर्व प्रतिनिधींचे या शहरात मनःपूर्वक स्वागत करते. रोग आधी की ताण, हे ठरवायला पहिला चट्टा दिसल्यापासून केस परत येईपर्यंत त्याच रुग्णाची तपासणी पुन्हा पुन्हा करणारे अभ्यास हवे आहेत. ते चेन्नईने, पुण्याने, नागपूरने मिळून हाती घ्यावेत, ही समितीची आग्रहाची विनंती आहे.