घरातील औषधांचा डबा आणि आपली जबाबदारी

(जबलपूर येथे रेल्वे कर्मचारी व त्यांच्या कुटुंबीयांच्या मेळाव्यात शाखा सचिवांनी केलेल्या भाषणाचा मजकूर.)



युनियनचे व्यासपीठ म्हटले की महागाई भत्ता, पेन्शन, रिक्त जागा आणि रोस्टर हेच विषय आपण ऐकता. आज मात्र आम्ही आपल्या घरातील फळीवर ठेवलेल्या एका डब्याविषयी बोलणार आहोत. तो म्हणजे औषधांचा डबा. दारू-गांजाविरुद्ध सभा पुष्कळ झाल्या. परंतु डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळीचेही व्यसन लागते आणि ते घरातल्या घरात लागते, हे आम्हांला फार उशिरा कळले. कसे कळले ते प्रथम सांगतो, कारण त्यात आमचीही चूक आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या शाखेत मालगाडीचे एक लोको पायलट होते. नाव सांगत नाही. दारूच्या थेंबाला न शिवणारा माणूस. त्यांना कंबरेचे दुखणे जडले. डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी ट्रामाडोल लिहून दिले. दुखणे दबले, ड्यूटी निभावू लागली. दिवस संपले, चिठ्ठी जुनी झाली, पण गोळी सुटली नाही. एकाच्या दोन, दोनाच्या चार झाल्या. पुढे रात्रीच्या गाडीनंतर दिवसा झोप येईना, म्हणून आईच्या डब्यातील अल्प्राझोलाम सुरू झाली. त्यांच्या पत्नीला लाइन बॉक्समध्ये रिकाम्या पट्ट्या सापडू लागल्या. त्या धीर करून युनियनच्या कार्यालयात आल्या. आम्ही त्यांना काय सांगितले? "वहिनी, गोळीच आहे ना, दारू तर नाही! बोभाटा करू नका, नोकरीवर येईल." एवढे बोलून आम्ही त्यांना परत पाठविले.

लॉबीत साइन-ऑनच्या वेळी ब्रेथलायझर फुंकावा लागतो. तो दारू पकडतो, गोळी पकडत नाही. त्यामुळे हा माणूस दर वेळी पास होत राहिला. मग एका पहाटे ड्यूटीवर निघताना घराच्या दारातच त्यांना फिट आली. हेच इंजिनवर झाले असते तर? या विचाराने आजही आमची झोप उडते. उपचार झाले, जीव वाचला, नोकरीही वाचली, पण इंजिन कायमचे सुटले. आज ते टेबलावरचे काम करतात. भेटले की चांगले बोलतात, परंतु त्या वहिनींच्या नजरेला नजर देणे आम्हांला अजून जड जाते.

बंधू-भगिनींनो, हे एकट्या घरचे दुखणे नाही. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्सकडून करवून घेतलेली देशव्यापी पाहणी 2019 साली प्रसिद्ध झाली. 10 ते 75 वर्षे वयाचे सुमारे 1 कोटी 18 लाख लोक शामक व झोपेची औषधे वैद्यकीय गरजेवाचून घेतात, असे तीत आढळले. वेदनाशामक गोळ्या आणि कोडीनयुक्त खोकल्याचे औषध नशेसाठी घेणाऱ्यांचा आकडा निराळाच.

कायदा आहे. 1 मार्च 2014 पासून लागू झालेल्या शेड्यूल एच-1 मध्ये अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम, ट्रामाडोल व कोडीन यांचा समावेश आहे. ही औषधे विकताना दुकानदाराने डॉक्टरांचे व रोग्याचे नाव आणि औषधाचे प्रमाण वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ते 3 वर्षे जपायचे असते. 2018 साली ट्रामाडोल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणले गेले. पण औषध एकदा घरात आले की कोणताही इन्स्पेक्टर तेथे येत नाही. घरातला इन्स्पेक्टर आणि घरातला स्टोअरकीपर आपणच.

मग घरच्यांनी काय करावे?

पहिली गोष्ट, हिशेब. रेल्वेच्या स्टोअरमध्ये एका बोल्टाचीही नोंद असते. घरातील झोपेच्या आणि तीव्र वेदनेच्या गोळ्यांची नोंद का नसावी? मुलांच्या जुन्या वहीत लिहा: गोळी कोणाची, किती आणल्या, किती उरल्या. पट्टीवर तांबड्या अक्षरांत 'आरएक्स' किंवा 'एनआरएक्स' दिसले, तर ती कुलपात ठेवा. आजी-आजोबांची गोळी घरच्या जबाबदार माणसाने वेळेवर हातात द्यावी.

दुसरी गोष्ट, उसनवारी बंद. साखर-चहा शेजारी द्यावा, गोळी देऊ नये. "मला गुण आला, तुम्हीही घेऊन पाहा" हे आपल्या कॉलनीतील प्रेम घातक आहे. एकाच्या वयाला आणि वजनाला लिहिलेली मात्रा दुसऱ्याला विष ठरू शकते. झोपेच्या किंवा वेदनेच्या अशा गोळीवर दारू घेतली तर श्वास बंद पडू शकतो.

तिसरी गोष्ट, उरलेले औषध. ते 'लागले तर असू द्या' म्हणून ठेवू नका. केंद्रीय औषध नियंत्रण यंत्रणेने 2025 साली 17 औषधांची यादी दिली आहे. तीत ट्रामाडोल आणि डायझेपामही आहेत. ती चुकून दुसऱ्याच्या हाती पडू नयेत म्हणून शौचकूपात टाकून पाणी सोडावे, असे सांगितले आहे. बाकीच्या उरलेल्या औषधांचे काय करावे ते औषधालयात विचारा.

चौथी गोष्ट, डॉक्टरांना विचारणे. चिठ्ठी हातात पडली की उठू नका. गोळी किती दिवस घ्यायची, सवय लागते काय, बंद कशी करायची, हे विचारा. "मी गाडी चालवतो, मी रुळावर काम करतो" हे आधी सांगा. आधीपासून कोणती औषधे चालू आहेत तेही सांगा.

पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. गोळ्या वेळेआधी संपत असतील, माणूस भलत्या वेळी पेंगत असेल, गोळी नाही म्हटल्यावर चिडत असेल, मुलाच्या दप्तरात खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या निघत असतील, तर आरडाओरडा करू नका आणि पट्टी हिसकावून फेकूही नका. बरेच दिवस चालू असलेली अल्प्राझोलामसारखी गोळी एकाएकी तोडली तर फिट येऊ शकते, जिवावर बेतू शकते. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच कमी करावी लागते. शांतपणे बोला, सोबत जा. सरकारची 14446 ही व्यसनमुक्तीची आणि 14416 ही मानसिक आरोग्याची मोफत दूरध्वनी सेवा आहे.

आपल्या मराठी समाजाला हा मार्ग नवा नाही. 1986 साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. व्यसनी माणूस हा गुन्हेगार नसून रोगी आहे, आणि त्याच्या घरच्यांनाही आधार हवा, ही दृष्टी त्या केंद्राने दिली. पुण्यात जे समजले ते जबलपूरच्या रेल्वे कॉलनीत समजायला हरकत नसावी.

आता आमच्याविषयी. सगळा भार माता-भगिनींवर टाकून युनियनने हात झटकणे हा अन्याय होईल. कंबर का दुखते? झोप का उडते? रिक्त जागा भरल्या जात नाहीत, विश्रांती पुरी मिळत नाही, रात्रीमागून रात्री ड्यूटी लागते, म्हणून हात गोळीकडे जातो. त्या लढ्यापासून आम्ही मागे हटणार नाही. आणि आजपासून कोणतीही वहिनी, कोणतीही आई हे दुःख घेऊन आमच्या कार्यालयात आली, तर तिला परत पाठविले जाणार नाही. बोभाटा न करता आम्ही तिच्याबरोबर दवाखान्यात जाऊ आणि उपचार घेणाऱ्या साथीच्या नोकरीसाठी प्रशासनाशी भांडू.

आज घरी गेल्यावर एकच काम करा. तो डबा खाली काढा आणि सर्वांनी मिळून उघडा. त्यात काय आहे, कोणाचे आहे, कशासाठी आहे, हे एकमेकांना सांगा.

कामगार एकजुटीचा विजय असो! जय हिंद!