भाजलेल्या माणसाला विचारा



मी डॉक्टर नव्हे. सातवीत शाळा सुटली. पुढचे शिक्षण भट्टीपाशी आणि युनियनच्या कचेरीत झाले. तेव्हा आज वैद्यक सांगणार नाही, आमची एक चूक सांगणार आहे.

वीस वर्षांपूर्वी आमच्या कारखान्यात एका मोल्डरच्या हातावर आणि छातीवर वितळलेला रस उडाला. कातडी लावली, जखमा भरल्या, 'बरा झाला' असा दाखला मिळाला. आम्ही भांडून नुकसानभरपाई घेतली, गुलाल उधळला आणि त्याला पुन्हा त्याच भट्टीवर उभे केले. दोन महिन्यांत त्याने काम सोडले. आम्ही त्याला भित्रा म्हटले. पुष्कळ दिवसांनी तो म्हणाला, "दादा, लावलेल्या कातडीला घाम येत नाही, अंग आतून पेटतं. रात्री खाजेनं झोप नाही. तुम्ही रकमेचं विचारलंत. हे कुणीच विचारलं नाही."

त्याचे म्हणणे खरे होते. रोपण केलेल्या पातळ कातडीतून घाम सुटत नाही. व्रण आवळत जातो, बोटे आखडतात. दाखल्यावर यातले काहीच नसते.

इंग्लंडात ईस्ट ग्रिन्स्टेड येथे १९४१ साली भाजलेल्या वैमानिकांनी 'गिनी पिग क्लब' काढला. त्यांचे सर्जन आर्चिबाल्ड मॅकिंडो. समुद्रात पडलेल्यांच्या जखमा अधिक चांगल्या भरतात हे पाहून त्यांनी खारट पाण्याची स्नाने सुरू केली. इस्पितळाचे कपडे बंद करून रुग्णांना आपला गणवेश घालू दिला आणि गावकऱ्यांना विनवले, यांना घरी बोलवा, तोंड फिरवू नका. त्या क्लबचे ६४९ सभासद झाले. ही युनियनच नव्हे काय?

ब्रिटनमध्येच २००४ साली जेम्स लिंड अलायन्स निघाली. संशोधन आधी कोणत्या प्रश्नाचे व्हावे, हे तिथे रुग्ण, घरची माणसे आणि डॉक्टर सारख्या हक्काने ठरवतात. भाजण्याच्या बाबतीतही ही रीत वापरली गेली आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने भारतात दरवर्षी १० लाखांहून अधिक माणसे मध्यम किंवा गंभीर भाजतात. त्यांत चुलीपुढच्या बाया आहेत. त्यांना तर युनियनही नाही. म्हणून असे माणूस घरी परतले की तिघे गोष्टी विचारा: झोप लागते का? हात चालतो का? चारचौघांत जाववते का? उत्तर डॉक्टरांच्या कानी घाला. आम्ही हे विचारले असते, तर एक चांगला कारागीर गमावला नसता.