‘विंडोज उडाली’ म्हणण्याआधी

(अकोल्यातील एका अभ्यासिकेत संगणक शिकणाऱ्या मुलामुलींसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी अमरावतीचा. जुने कंप्युटर दुरुस्त करणे हा माझा धंदा. आज बोलायला उभा आहे तो तुमच्या या खोलीतल्या यंत्रांमुळे. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसरही बऱ्यापैकी नवा लागतो. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. देणगीत किंवा सेकंडहँड मिळालेली आपली यंत्रे त्यात बसत नाहीत. मग ती भंगारात घालायची का? गरज नाही. लिनक्स फुकट मिळते, जुन्या यंत्रावर बरे चालते, आणि त्यावर मराठी व उर्दू दोन्ही युनिकोडमध्ये टाइप होतात.

कोणी विचारेल, मग विंडोज काढूनच टाका ना! तसे जमत नाही, कारण पोटाचा प्रश्न आहे. उर्दू छपाई इनपेजवर चालते, मराठी छपाई श्रीलिपीवर, दुकानाचा हिशेब टॅलीवर. ही सगळी विंडोजची सॉफ्टवेअर. म्हणून दोन्ही प्रणाली शेजारी शेजारी ठेवायच्या. घोळ होतो तो इथेच.

कंप्युटर चालू केल्यावर तो सरळ विंडोजमध्ये जात नाही. आधी मदरबोर्डवरचा छोटा प्रोग्राम जागा होतो. आता बहुतेक यंत्रांत तो यूईएफआय प्रकारचा असतो. तो डिस्कवरचे एक लहान पार्टिशन शोधतो. ते फॅट ३२ पद्धतीचे असते, बऱ्याचदा फक्त १०० एमबीचे, आणि विंडोजमध्ये डोळ्यांना दिसत नाही. त्यात बूटलोडर असतो, म्हणजे पुढची प्रणाली उचलून सुरू करणारा प्रोग्राम. विंडोजचा बूटलोडर आपल्या फोल्डरमध्ये, लिनक्सचा ग्रब आपल्या फोल्डरमध्ये. एकाच पार्टिशनमध्ये दोघे नांदतात. आधी कोणाला हाक मारायची, त्याची यादी मदरबोर्ड स्वतःकडे ठेवतो.

आता इथल्याच एका छापखान्याची गोष्ट सांगतो. लग्नपत्रिकांचे काम, एका बाजूला उर्दू, दुसऱ्या बाजूला मराठी. मालकांनी नवी एसएसडी बसवली, भाच्याने तिच्यावर लिनक्स टाकले. विंडोजची जुनी हार्ड डिस्क आतच होती. दोन्ही प्रणाली चांगल्या चालत होत्या. पुढे साफसफाईत जुन्या डिस्कची केबल निघाली, आणि नव्या डिस्कवरचे लिनक्सही उघडेना. कोणीतरी सांगितले, “सब उड गया, फॉरमॅट करना पडेगा.” मालकांचा मला फोन आला, “भाईजान, बारा साल का काम है.” मी म्हणालो, “चाचा, मी येईपर्यंत कोणाला हात लावू देऊ नका.”

कारण साधे होते. लिनक्स टाकताना इन्स्टॉलरला जुन्या डिस्कवर बूटचे पार्टिशन आयते सापडले, म्हणून त्याने ग्रब तिथेच ठेवला. घर नव्या डिस्कवर, किल्ली जुन्या डिस्कवर. केबल जोडून बूट मेनूतून निवड केल्यावर दोन्ही प्रणाली उघडल्या. मग नव्या डिस्कवर वेगळे बूट पार्टिशन करून ग्रब तिथे बसवला. फाइल एकही गेली नव्हती. गेली असती ती फॉरमॅटने.

माझे आजचे सांगणे एवढेच आहे. चालू होत नाही याचा अर्थ पुसले गेले असा नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अपडेटनंतर जगभर कित्येक जोड-यंत्रांवर लिनक्स उघडेना. सिक्युअर बूटच्या तपासणीत जुने बूटलोडर नाकारले जाऊ लागले होते. लोक घाबरले, पण डिस्कवरच्या फाइली जिथल्या तिथे होत्या. मे २०२५ च्या अपडेटमध्ये मायक्रोसॉफ्टने तो दोष काढला.

लिनक्स टाकण्याआधी काय करायचे, ते लिहून घ्या.

पहिले, कामाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. ती उघडून पाहा.

दुसरे, बिटलॉकर चालू आहे का बघा. असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवा आणि बिटलॉकर तात्पुरता थांबवा. बूटमध्ये बदल झाला की विंडोज ती की मागू शकते. नसेल तर कुलूप खरेच उघडणार नाही.

तिसरे, विंडोजच्या सिस्टीम इन्फर्मेशनमध्ये ‘बायोस मोड’ वाचा. तिथे यूईएफआय लिहिले असेल तर पेनड्राइव्हही त्याच पद्धतीने सुरू करा. बूट मेनूत एकच पेनड्राइव्ह कधी कधी दोनदा दिसतो. यूईएफआय लिहिलेला निवडा. एक प्रणाली नव्या पद्धतीने आणि दुसरी जुन्या पद्धतीने बसली, तर ग्रबच्या यादीतून दोन्ही उघडत नाहीत.

चौथे, विंडोजमधले फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असले की विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपते, आणि तिच्या पार्टिशनवर लिनक्सला नीट लिहिता येत नाही.

पाचवे, बूटचे पार्टिशन कधीही फॉरमॅट करू नका. ते वापरा, पुसू नका.

आणि आपल्या वऱ्हाडातली खास सूचना: पार्टिशन लहानमोठे करताना लाइट गेली तर मात्र खरेच नुकसान होते. इन्व्हर्टर किंवा यूपीएस असल्याशिवाय ते काम हाती घेऊ नका.

एवढे करूनही यंत्र थेट विंडोजमध्येच गेले, तर आधी बूट मेनू उघडा. बहुतेक वेळा लिनक्स तिथे असते, फक्त यादीत मागे पडलेले असते. उलट ग्रबमध्ये विंडोज दिसत नसेल, तरी घाबरू नका. २०२१ च्या ग्रब २.०६ पासून दुसऱ्या प्रणाली शोधण्याची सोय मुळातच बंद ठेवलेली असते. ती चालू करून यादी नव्याने बनवली की विंडोज दिसते.

या खोलीतल्या सगळ्या यंत्रांना एकदम हात लावू नका. एक निवडा, दोघादोघांनी मिळून करा, प्रत्येक पायरी वहीत लिहा. ते आठवडाभर नीट चालले की दुसरे घ्या. शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायच्या दिवसांत तर एकालाही हात लावू नका.

आपल्या मोहल्ल्यात अशी दुकाने पुष्कळ आहेत. तिथे उद्या कोणी म्हणाले, “सब उड गया”, तर तुमच्यापैकी एकाने पुढे व्हावे आणि सांगावे, “चाचा, थांबा. आधी बघू या.”