आकडी, फिट, फेफरे



माझ्या ओपीडीतल्या टेबलाच्या खणात एक कागदी भिरभिरे असते. आई सांगते, "पोरगी अभ्यासात मागे पडली. बाई म्हणतात, वर्गात लक्षच नसतं." मी मुलीच्या हातात भिरभिरे देतो आणि जोरजोरात फुंकर मारत राहायला सांगतो. दीड-दोन मिनिटे ते गरगर फिरते. मग फुंकर थांबते. डोळे उघडे, पण नजर कुठेच नाही. पापण्या बारीक फडफडतात. मी हाक मारतो, उत्तर येत नाही. दहा सेकंदांनी ती जिथे थांबली होती तिथूनच पुन्हा फुंकू लागते. मधे काही घडले हे तिच्या गावीही नसते. आई मात्र तोंडावर हात ठेवते. "अहो, हे तर ती घरीसुद्धा करते. जेवताना, वेणी घालताना."

हाही अपस्मारच, म्हणजे फिटचा आजार. हात-पाय झाडत नाहीत, तोंडाला फेस येत नाही, म्हणून कुणाच्या ध्यानात येत नाही. अशा मुलाला दिवसात डझनावारी झटके येऊ शकतात, आणि योग्य गोळी सुरू केली की बहुतेक मुलांचे थांबतात. मला आठवते ती मुलगी दोन वर्षे वर्गात उभी राहण्याची शिक्षा भोगत होती. गोळी तालुक्याच्या दुकानात होती. तिच्या बाईंना मात्र हे कुणी कधी सांगितले नव्हते, आणि सांगण्याचे काम आपले होते. आज मला या सांगण्याबद्दलच बोलायचे आहे.

जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे आणि त्यांतले जवळजवळ ८० टक्के आपल्यासारख्या, किंवा आपल्याहून गरीब देशांत राहतात. वेळेवर निदान आणि नीट उपचार झाले तर ७० टक्क्यांपर्यंत लोक फिटशिवाय जगू शकतात. फेनोबार्बिटोन या औषधाचा फिटवरचा गुण आल्फ्रेड हाउप्टमन यांनी १९१२ मध्ये दाखवला. शंभराहून अधिक वर्षे झाली. वर्षभराच्या गोळ्यांचा खर्च पाच डॉलरच्या आसपास धरला जातो. तरीही अतिगरीब देशांतल्या चार रुग्णांपैकी तिघांना हवे ते उपचार मिळत नाहीत. माझ्या सगळ्या वैद्यकीय आयुष्यात मला इतका टोचलेला दुसरा आकडा नाही.

अपस्मारावर काम करणाऱ्या डॉक्टरांची आंतरराष्ट्रीय संघटना १९०९ मध्ये बुडापेस्टला स्थापन झाली. रुग्ण आणि त्यांचे कुटुंबीय यांचा आवाज मांडणारी जागतिक संस्था उभी राहिली १९६१ मध्ये. मधली बावन्न वर्षे आपण डॉक्टर एकमेकांशीच बोलत होतो. १९९७ मध्ये या दोन्ही संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना एकत्र आल्या आणि अपस्माराला सावलीतून बाहेर आणण्याची मोहीम सुरू झाली. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य सभेने अपस्मारावर ठराव केला, आणि २०२२ मध्ये मेंदूच्या विकारांसाठी २०३१ पर्यंतचा कृती आराखडा मंजूर झाला. त्यात अपस्मारासाठी तीन आकडे आहेत: ९०, ८० आणि ७०. शेवटचे दोन औषधाचे आहेत. ८० टक्के रुग्णांना परवडणारे औषध मिळावे, आणि उपचार घेणाऱ्यांपैकी ७० टक्क्यांच्या फिट आटोक्यात याव्यात. पहिला आकडा मला सर्वांत मोलाचा वाटतो. ९० टक्के रुग्णांना हे माहीत असावे की आपला आजार मेंदूचा आहे आणि त्यावर उपचार आहेत. औषधाच्या आधी माहिती ठेवली आहे, आणि ती योग्य जागी ठेवली आहे.

माहिती शब्दांतून जाते, म्हणून जगभर आधी शब्दांशीच झुंजावे लागले. मलेशियात या आजाराला 'गिला बाबी' म्हणत. अर्थ, डुकराचे वेड. चिनी बोलीत तो मेंढीचे वेड होता. कोरियातल्या जुन्या नावाला वेडाचा वास होता, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी आणि रुग्णांच्या संघटनेने मिळून नावच बदलले आणि मेंदूतल्या विजेशी नाते सांगणारा शब्द रूढ केला. आपल्याकडे अंग आकडते म्हणून आकडी. ग्रंथातला अपस्मार म्हणजे स्मृती दूर जाणे, चरकसंहितेत त्याला स्वतंत्र अध्याय आहे. हे शब्द चांगले आहेत, ते टाकून देण्याचे कारण नाही. टाकून द्यायचे ते 'बाहेरची बाधा' आणि 'अंगात आलंय'. 'फेफरे' हा शब्द गावात शिवीसारखा वापरतात, तो मी रुग्णासमोर उच्चारत नाही. 'फिट' मात्र आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना कळते. मी 'फिट'च म्हणतो.

कायद्याची भाषासुद्धा तपासावी लागली. हिंदू विवाह कायद्यात अपस्मार वेडाच्या जोडीला बसवलेला होता, एकाच वाक्यात. १९९९ च्या दुरुस्तीने तो शब्द काढून टाकला. पाव शतक उलटले, तरी लग्न ठरवताना तो शब्द आजही तसाच उभा असतो. सासरी कळू नये म्हणून गोळ्या तुरीच्या डाळीच्या डब्यात पुरून ठेवणारी सून मी पाहिली आहे. डबा भरायला सासूबाईंनी हात घातला, त्या दिवसापासून तिने गोळ्या बंद केल्या. चौथ्या दिवशी ती चुलीवर पडली. अचानक औषध तोडले की फिट उसळून येतात, हे तिला मीच सांगायला हवे होते. मी डोस लिहिला होता, सांगितले नव्हते. पुण्यातल्या संवेदना फाउंडेशनसारखे स्वमदत गट अशा मुलींना एकत्र बसवतात. तिथे जे बोलले जाते ते माझ्या ओपीडीत दहा मिनिटांत बोलले जाणे शक्य नाही.

उपचाराचे आणि सांगण्याचे हे काम मोठ्या रुग्णालयाबाहेर होऊ शकते का? चीनच्या ग्रामीण भागात ते करून पाहिले गेले. थोडे प्रशिक्षण घेतलेल्या गावातल्या डॉक्टरांनी सुमारे अडीच हजार रुग्णांना फेनोबार्बिटोन दिले. वर्षभर टिकलेल्यांपैकी दोनतृतीयांशांच्या फिट निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झाल्या. घाना, मोझांबिक, म्यानमार आणि व्हिएतनाममध्येही प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या माणसांना तयार करून पाहिले गेले. आपल्या आशाताईंना हे जमणार नाही असे कुणी म्हणत असेल, तर त्यांनी आशाताईंचे काम पाहिलेले नाही. फक्त केंद्रातल्या गोळ्या संपता कामा नयेत. 'पुढच्या बुधवारी या' हे वाक्य फिटच्या रुग्णाला म्हणायचे नसते.

एक गैरसमज आपल्या भागात फार आहे, म्हणून थोडे थांबतो: फिट आणणाऱ्या मेंदूतल्या कृमीच्या गाठी मांस खाणाऱ्यालाच होतात. मेंदूतल्या गाठीचे निदान झाले की माळकरी माणूस दुखावतो. "डॉक्टर, आमच्या सात पिढ्यांत कुणी मांस शिवलं नाही." खरे आहे ते. डुकराचे अर्धकच्चे मांस खाल्ले तर फीतकृमी आतड्यात होतो. मेंदूत गाठी होतात त्या या कृमीची अंडी पोटात गेल्याने, आणि ती अंडी येतात माणसाच्या विष्ठेतून: न धुतलेल्या हातांतून, पाण्यातून, कच्च्या भाजीतून. हा कृमी जिथे सर्रास आढळतो तिथे अपस्माराच्या साधारण ३० टक्के रुग्णांमागे तो असतो. संडास, साबण आणि स्वच्छ पाणी हा अपस्मारावरचा उपचार आहे, आणि तो ग्रामपंचायतीच्या हातात आहे.

आता शिक्षक आणि एसटीच्या वाहक-चालकांसाठी आणलेली गोष्ट. फिट आली की आजही कांदा फोडतात, चप्पल हुंगवतात, मुठीत किल्ली कोंबतात, दातांत चमचा घालतात. फिट आपली वेळ झाली की थांबते आणि श्रेय चपलेला जाते. चमच्याने दात तुटलेले मी मोजायचे सोडून दिले. करायचे एवढेच: आजूबाजूच्या टोकदार वस्तू दूर करा, डोक्याखाली मऊ काही द्या, गळ्याशी घट्ट असेल ते सैल करा, घड्याळ बघा, आणि माणसाला कुशीवर वळवा म्हणजे लाळ घशात न जाता बाहेर येईल. हात-पाय दाबून धरू नका, तोंडात काही घालू नका. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर न येता दुसरी आली, तर १०८ ला फोन करा. शुद्धीवर येईपर्यंत जवळ बसून राहा.

कुशीवर वळवणे बोलून कळत नाही, हात लावून कळते. म्हणून दुपारचे पहिले सत्र व्याख्यानाचे ठेवलेले नाही. शेजारच्या दालनात सतरंज्या अंथरल्या आहेत. प्रत्येकाने एकदा झोपायचे आणि एकदा दुसऱ्याला वळवायचे. पहिल्या सतरंजीवर मी झोपणार आहे. मला कुशीवर वळवायला मागच्या रांगेतल्या आशाताईंनी यावे.